पावसात गप्प, दिवाळीत पुन्हा बोंब : घरातल्या ड्रमचा आवाज दरवर्षी का फुटतो

कोकणात ड्रम वाजवणाऱ्यांच्या घरी हे दुखणं ठरलेलं आहे. मुलाला किंवा मुलीला ड्रम सेट घेऊन दिलेला असतो. वेड बहुतेक वेळा बेंजो पार्टीत वाजवणाऱ्या एखाद्या मामेभावाकडून लागलेलं. पडवीलगतची दहा बाय बाराची खोली त्यासाठी मोकळी केलेली असते. मे महिन्यात शेजारून पहिला निरोप येतो, म्हणून भिंतींना करडा, खाचाखाचांचा फोम चिकटवला जातो. जून लागतो आणि तक्रार थांबते. घरात सगळे खूश. गणपतीत घरोघरी आरत्या आणि रात्र रात्र भजनं, तेव्हा ड्रमबद्दल बोलायला कुणाला सवड नसते. मग पाऊस उघडतो, घटस्थापना होते आणि कुंपणापलीकडून पुन्हा हाक येते, "अरे, माका वायच झोपाक दी मरे!"

दिवाळीत आणखी फोम येतो. पुढच्या नवरात्रात परत तेच.

जूनमध्ये आवाज थांबला त्यात फोमचा वाटा जवळपास शून्य होता. कौलांवर, पत्र्यावर आणि झावळ्यांवर पडणाऱ्या पावसाच्या आवाजात ड्रम बुडाला होता. शेजाऱ्यांच्या खिडक्या झडीमुळे बंद होत्या. तुमच्या खोलीचं लाकडी दार ओलीने फुगून चौकटीत घट्ट बसलं होतं. ऑक्टोबरात हे सगळं एकदम उलटतं. पाऊस थांबतो, उकाड्यामुळे सगळीकडच्या खिडक्या सताड उघडतात आणि दार सुकून आकसतं. त्यात जुलैमध्ये ते लागत नाही म्हणून सुताराकडून रंधा मारून घेतलेला असेल, तर फट दुप्पट.

वाराही हातभार लावतो. नैऋत्य मोसमी वारे ओसरले की किनाऱ्यावर दिवसा खारे वारे आणि रात्री मतलई वारे पुन्हा सुरू होतात. आवाज वाऱ्याच्या दिशेने लांब जातो, त्यामुळे दुपारच्या सरावाचा त्रास पूर्वेकडच्या घराला जास्त होतो. पावसाळा संपल्यावरच्या निरभ्र रात्री जमीन लवकर गार होते, जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड राहते आणि आवाज वर निसटून जाण्याऐवजी खाली वळतो. जुलैत पलीकडच्या घरापर्यंतही न पोचणारा स्नेअर (सेटमधला कडकडणारा छोटा ड्रम) नोव्हेंबरात रात्री नऊला वाडीच्या टोकाला ऐकू येतो, त्याचं कारण हे.

म्हणून पहिला नियम: खोलीची परीक्षा पावसात घ्यायची नाही. नोव्हेंबर ते मे या काळात, शेजारच्या खिडक्या उघड्या असताना जी खोली पास होईल तीच पास.

आधी फट कुठे आहे ते शोधा

सामान आणायच्या आधी एक संध्याकाळ यासाठी द्या. अंधार पडल्यावर खोलीत लख्ख दिवा लावा, दारं-खिडक्या बंद करा आणि बाहेरून फेरी मारा. जिथून प्रकाशाची रेघ दिसते तिथून आवाज जातोच. आत पंखा लावून दाराच्या कडेने पेटती उदबत्ती फिरवली, तर जी फट प्रकाशाला वळणामुळे दिसत नाही तीही धुरावरून कळते. सुतारकामातली लपलेली भोकं, वायरिंगच्या पाइपची तोंडं, स्विचबोर्डच्या मागची पोकळी, एसीच्या नळीभोवतीचं भोक या जागा हमखास सुटतात.

मग दुसऱ्याला वाजवायला बसवून स्वतः शेजाऱ्याच्या पडवीत जाऊन उभे राहा. नुसतं "ऐकू येतं" एवढ्यावर थांबू नका, काय ऐकू येतं ते नोंदवा. हाय-हॅटची (पायाने मिटणाऱ्या जोडझांजांची) चिकचिक आणि स्नेअरचा कडकडाट स्वच्छ येत असेल, तर कुठेतरी उघडी वाट आहे. वरचा आवाज दबलेला आणि फक्त धप्प धप्प येत असेल, तर फटी बऱ्यापैकी बंद आहेत आणि एखादा हलका भाग (छत, पातळ दार, काच) थरथरतो आहे, किंवा किक (पायाच्या पेडलने वाजणारा मोठा ड्रम) जमिनीतून जातो आहे.

शेवटच्या दोन शक्यता वेगळ्या करायला सोपी युक्ती आहे. ब्लूटूथ स्पीकर जाड गादीवर ठेवून त्यावर ड्रमचं रेकॉर्डिंग मोठ्याने लावा. गादीमुळे जमिनीला धक्का बसत नाही. तरीही धप्प तसाच बाहेर आला तर तो हवेतून जातोय. स्पीकरचा येत नाही, पण पेडल मारल्यावर येतो, तर तो जमिनीतून जातोय. दोन्हींची औषधं पूर्ण वेगळी आहेत आणि चुकीचं औषध इथे महाग पडतं. स्पीकर छोटा असेल तर त्यातून खालचे सूर निघतच नाहीत, त्यामुळे घरातला मोठा स्पीकर वापरा.

मोबाइलवरचं डेसिबल ॲप चालेल, पण आकड्यावर विश्वास ठेवू नका, फरकावर ठेवा. तोच फोन, तीच जागा, तेच वाजवणं. दार उघडं आणि बंद यांतला फरक काय? ड्रमच्या शेजारी धरलेला फोन मोठ्या आवाजाला कमीच दाखवतो, कारण त्याचा माइक तेवढ्यासाठी बनवलेला नसतो.

दार: इथेच सगळं जातं

आपल्याकडे सुतार फट सुतात मोजतो, म्हणून हिशेबही सुतातच करू. सात बाय तीन फुटांचं दार, चारी बाजूंनी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फट. घेर २० फूट. त्या फटीचं एकूण क्षेत्रफळ दाराच्या साधारण १ टक्का होतं. आणि ज्या पृष्ठभागाचा १ टक्का उघडा आहे तो २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवूच शकत नाही, मग दार सागाचं असो, फणसाचं असो की लोखंडाचं. ड्रम सेट खोलीत १०० डेसिबलच्या आसपास सहज जातो, फटका त्याहून वर. त्यातले २० गेले तर दाराबाहेर ८० उरले. आता भिंतीवर कितीही फोम लावा.

उलट बाजूने पाहिलं तर ही चांगली बातमी आहे. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती सगळ्यात जास्त फरक पाडते.

पावसात दार अडकलं की रंधा मारायचा मोह टाळा. निदान त्या महिन्यापुरती उघडझाप जमेल एवढंच घासा. दार नीट बसवायचं काम मार्च-एप्रिलमध्ये करा, लाकूड पूर्ण सुकलेलं असताना. चारी बाजूंनी दीड-दोन सुतांची जागा मुद्दाम ठेवा आणि ती जागा दबणाऱ्या पोकळ रबरी पट्टीने भरा. पट्टी चौकटीच्या खाचेत, दाराच्या तोंडाला टेकेल अशी लावायची. मग दार पावसात फुगलं तर पट्टी दबते, उन्हाळ्यात आकसलं तर उलगडते. मागे चिकटपट्टी असलेला स्पंज लावू नका, आपल्या दमट हवेत त्याचा गोंद एका पावसात सुटतो. खिळ्यांनी किंवा खाचेत बसणारी पट्टी घ्या.

फुगणं-आकसणंच कमी करायचं असेल तर दाराची वरची आणि खालची कड रंगवा. सुतार आणि रंगारी दोघेही या दोन कडा सोडतात, कारण त्या दिसत नाहीत. लाकडाच्या नळ्यांची तोंडं मात्र नेमकी तिथेच उघडी असतात आणि बरीचशी ओल तिथूनच आत जाते. दार बिजागऱ्यांवरून उतरवून सहाही बाजूंना ऑइल पेंट किंवा पॉलिश द्या.

खालची फट हा वेगळा विषय. जुन्या घरांना उंबरठा असतो, त्यामुळे दार टेकायला जागा मिळते. नव्या बांधकामात उंबरठा काढून टाकायची टूम आली आणि दाराखाली अर्धा इंच उजेड राहू लागला. ड्रमच्या खोलीला उंबरठा परत घाला. लाकडाचा, ग्रॅनाइटचा, कसलाही. त्यावर रबर. ते शक्य नसेल तर दार बंद होताना आपोआप खाली उतरणारी सील-पट्टी मिळते, ती लावा.

पट्टी दबायला दाब लागतो. नुसती वरची खिट्टी सरकवून तो येत नाही. जुन्या घरातला आडवा अडसर या कामाला फार सुंदर आहे. तो नसेल तर दार ओढून आवळणारी कडी वर आणि खाली अशा दोन ठिकाणी लावा. बाथरूमसाठी विकलं जाणारं आतून पोकळ फ्लश दार असेल तर ते मात्र बदलाच, त्यात वजनच नाही.

आणि जागा असेल तर दुसरं दार. नऊ इंची भिंतीच्या आतल्या तोंडाला एक, बाहेरच्या तोंडाला एक, मध्ये भिंतीच्या जाडीएवढी हवा. एकच दार दुप्पट जड करून मिळतो त्यापेक्षा कितीतरी जास्त फायदा यात आहे.

डोक्यावर कौलं असतील तर

मंगलोरी कौलांचं घर उन्हाळ्यात गार का राहतं? कारण कौलांमधून हवा खेळते. ड्रमसाठी हीच अडचण. कौल तसं जड असतं, पण कौलाकौलांतल्या जोडांतून आणि वळचणीपाशी भिंत नि वासे यांच्यामधल्या उघड्या पट्ट्यातून सगळं बाहेर जातं. शिवाय जुन्या घरांत आतल्या भिंती बऱ्याचदा आढ्यापर्यंत गेलेल्याच नसतात. खोलीतला आवाज भिंतीवरून उडी मारून माजघरात उतरतो आणि तिथल्या उघड्या खिडकीतून शेजारी. अशा घरात चारही भिंतींना पॅनेल लावणं म्हणजे झाकण नसलेल्या टोपाला बाहेरून फडकी गुंडाळणं.

इथे खोलीला स्वतःचं, हवाबंद छत लागतं. त्यात तीन गोष्टी सांभाळायच्या.

छत वाशांना टांगायचं नाही. आठ मिलिमीटरचा फायबर सिमेंट बोर्ड चौरस मीटरला साधारण १० ते १२ किलो भरतो. दहा बाय बाराच्या खोलीला दोन थर लावले की फ्रेम धरून वजन तीनशे किलोच्या आसपास जातं. जुने वासे आधीच कौलांचा भार घेऊन वाकलेले असतात. छताच्या तुळया खोलीच्या भिंतींवर टेकवा, आणि जाणत्या माणसाला आधी भिंत दाखवा. तुळया वाशांना कुठेही शिवल्या नाहीत म्हणजे थरथरही वर चढत नाही.

दोन थरांचे सांधे एकमेकांवर येऊ देऊ नका. भिंतीशी जो सांधा राहतो तो लवचिक सीलंटने भरा. पांढरं सिमेंट किंवा पुट्टी भरली तर पहिल्याच उन्हाळ्यात केसासारखी चीर पडते आणि तिथून दरवर्षीचं रडगाणं पुन्हा सुरू होतं. बोर्डाच्या वर रॉकवूलच्या (दगडापासून केलेल्या तंतूंच्या) लाद्या अंथरा.

तिसरी गोष्ट शहरातला कंत्राटदार हमखास विसरतो. पावसाआधी शाकारणी होते, माणूस वर चढतो, कौलं परतली जातात. शिवाय माकडं आहेतच. त्यांच्या एका उडीत पाच-सहा कौलं जातात आणि ते नेमकं पाऊस लागल्यावर कळतं. म्हणजे वरून पाणी ठिबकणार हे गृहीतच धरायचं. रॉकवूलवर थोडा उतार देऊन ताडपत्री घाला, आणि वर जाऊन पाहता येईल अशी, कडेला गॅस्केट (रबरी पट्टी) लावलेली एक झडप ठेवा. साधा जिप्सम बोर्ड इथे नकोच, एक गळती लागली की तो पोट सोडतो. ओलावारोधक हिरवा बोर्ड त्याहून बरा, सिमेंटचा सगळ्यात बरा. फ्रेमला जस्ताचा चांगला लेप असलेलं लोखंड किंवा वाळवीचं औषध मारलेलं लाकूड. समुद्राच्या खाऱ्या हवेत स्वस्त पातळ चॅनेल लवकर गंजतात.

पत्र्याची खोली असेल तर छत अनिवार्यच. अर्ध्या मिलिमीटरचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला जेमतेम चार किलो. तो आवाज अडवत नाहीच, वर स्वतः वाजतो.

स्लॅबचं घर असेल तर हा सगळा भाग सोडून द्या.

भिंतीवर पैसे घालू नका

नऊ इंची चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत चौरस मीटरला साधारण ४०० किलो भरते. आवाज अडवण्याचा ढोबळ नियम असा की वजन दुप्पट केलं की पाच-सहा डेसिबलचा फायदा. म्हणजे या भिंतीत तेवढी सुधारणा करायची तर तिच्याशेजारी तशीच दुसरी भिंत बांधावी लागेल. एक-दोन किलोचा फोम किंवा नऊ-दहा किलोचा जिप्सम बोर्ड तिला थेट चिकटवून काय होणार? काहीच नाही.

फक्त एक अट: भिंतीला दोन्ही बाजूंनी गिलावा हवा. चिरा सच्छिद्र असतो आणि मातीत किंवा कमी सिमेंटात भरलेले सांधे कालांतराने पोकळ होतात. उघड्या चिऱ्याची भिंत फोटोत छान दिसते म्हणून हल्ली तशीच ठेवतात. ड्रमच्या खोलीत निदान आतून तरी घट्ट गिलावा करा. आवाजातला फरक लगेच जाणवतो, आणि खर्च एका गवंड्याचा.

मग फोम, अंड्यांचे ट्रे, गोधड्या यांचं काम काय? ते खोलीतला घुमारा कमी करतात. आत बसणाऱ्याला आवाज आवळ, सुटसुटीत लागतो, म्हणून "फरक पडला" असं वाटतं. बाहेरच्याला तो फरक कळत नाही. घुमारा कमी करणं चांगलंच आहे, पण त्यासाठी फोम हा वाईट पर्याय. आपल्याकडे त्यावर पावसात काळी बुरशी येते. त्याहून वाईट म्हणजे पॉलियुरेथेन फोम झपाट्याने पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. बंद, एकच दार असलेल्या, वायरींनी भरलेल्या खोलीत तो नको. अंड्यांचे ट्रे तर वाळवीला आमंत्रण. लाकडी चौकटीत रॉकवूल भरून वर सुती कापड ताणा, चौकट भिंतीपासून दोन इंच सुटी टांगा म्हणजे मागे हवा खेळते. रॉकवूल जळत नाही. मात्र कापताना तोंडाला मास्क आणि हातात मोजे हवेत, ते टोचतं.

खिडकीचंही याच हिशेबात आटपतो. सहा मिलिमीटरची काच चौरस मीटरला १५ किलो, म्हणजे शेजारच्या चिऱ्यापुढे ती नसल्यासारखीच, आणि पट्ट्यापट्ट्यांची लूव्हर खिडकी म्हणजे उघडं भगदाड. महागडी दुहेरी काच बसवण्यापेक्षा खिडकीच्या मापाचा दोन थर मरीन प्लायचा (पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडचा) दाट्टा, म्हणजे घट्ट बसणारं झाकण, करून घ्या, कडेला तीच रबरी पट्टी, चार कड्या. वाजवताना लावायचा, एरवी काढून ठेवायचा. खोलीला ऊनवारा मिळत राहतो.

किकचा धप्प

टेनिसच्या चेंडूंवर प्लायचा चौथरा करून त्यावर ड्रम ठेवायचा, ही युक्ती इंटरनेटवर सगळीकडे सापडते आणि ती चांगली आहे. पण तुमच्या घराला ती हवी का, हे आधी पाहा. खोली तळमजल्यावर, कोबा किंवा लादी थेट भरावावर असेल, तर किकचा धक्का बहुतांशी जमिनीतच विरतो. वरच्या स्पीकरच्या चाचणीत तसं दिसलं तर चौथऱ्याचे पैसे दाराला लावा. लाकडी माळ्यावर ड्रम ठेवायचा विचार असेल तर तो सोडून द्या. चिपळूण, रत्नागिरी, कुडाळकडे फ्लॅटमध्ये राहत असाल तर मात्र चौथरा लागणारच.

चौथऱ्याचं गणित असं: वरचा थर जितका जड आणि चेंडू जितके मऊ, तितकं चांगलं. अठरा-एकोणीस मिलिमीटरच्या मरीन प्लायचे किमान दोन थर, एमडीएफ (लाकडाच्या भुश्याचा दाबलेला बोर्ड) अजिबात नको, तो ओलीने पावासारखा सुटतो. फुटाफुटावर चेंडू, खालच्या थराला भोकं पाडून त्यांत बसवलेले, म्हणजे ते पळत नाहीत. ज्या बाजूला वाजवणारा बसतो तिथे चेंडू दाट.

"पहिले सहा महिने मस्त होतं, आता खालचे लोक पुन्हा वर यायला लागले" अशी तक्रार असेल तर चौथऱ्याच्या कडा बघा. चेंडूंतली हवा कमी होत जाते, चौथरा खाली बसतो आणि एखादा कोपरा फरशीला टेकतो. किंवा कुणीतरी वर मोठा गालिचा टाकलेला असतो, त्याची कड चौथऱ्यावरून जमिनीवर उतरलेली असते. किंवा चौथरा भिंतीला लागून सरकलेला असतो. एका ठिकाणी जरी टेकला, तरी धक्का तिथून जातो. चौथऱ्याच्या चारी बाजूंनी पत्त्याचं पान खालून फिरवून पाहा; अडकलं तर चेंडू बदला.

बंद खोलीत श्वास

एवढं सगळं बंद केल्यावर मे महिन्यात आत दहा मिनिटं बसून दाखवा. घाम, कोंदट हवा, आणि ड्रम हा काही बसून सतार छेडण्याचा प्रकार नव्हे, अंगमेहनत आहे. मग दार "थोडंसं" उघडं ठेवलं जातं आणि सगळ्या खर्चावर पाणी. तक्रारी परत येण्याचं हे अगदी साधं कारण आहे, आणि घरातले ते कबूल करत नाहीत.

स्प्लिट एसी खोली गार करतो, पण बाहेरची हवा आत आणत नाही. त्यासाठी नागमोडी वाटेची लाकडी पेटी लागते: हवा एका टोकाने शिरते, आतल्या आडव्या फळ्यांना वळसे घालत दुसऱ्या टोकाने बाहेर पडते, आणि पेटीच्या आतल्या बाजूंना कापडाखाली रॉकवूल. आवाज प्रत्येक वळणावर शोषला जातो. एक पेटी हवा आत येण्यासाठी, एक बाहेर जाण्यासाठी, खोलीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत. पंखा मोठा घ्या आणि हळू फिरवा, आतली वाट रुंद ठेवा. बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी विसरू नका, नाहीतर पहिल्याच महिन्यात पाल, गांधीलमाशी आणि उंदीर यांपैकी कुणीतरी बिऱ्हाड करेल.

एसीच्या नळीचं भोक बसवणारा पांढऱ्या मऊ पुट्टीने बुजवतो. ती काढा, भोकात रॉकवूल घट्ट कोंबा आणि दोन्ही तोंडं सीलंटने बंद करा. पावसाळ्यात खोलीत रोज थोडा वेळ एसी चालू ठेवून हवा कोरडी ठेवली तर दारही कमी फुगतं आणि ड्रमच्या कड्यांचं क्रोमियमही टिकतं.

मुळातच आवाज कमी

रात्री वाजवायचंच असेल तर खोलीपेक्षा सेट बदलणं स्वस्त. ड्रमच्या पानांच्या (काठी पडते त्या पडद्यांच्या) जागी जाळीची पानं, बारीक भोकांच्या कमी आवाजाच्या झांजा, एवढ्यावर आवाज बोलण्याच्या पातळीच्या जवळपास येतो. इलेक्ट्रॉनिक किट हेडफोनवर शांत वाटतं, पण पेडलचा ठोका जमिनीला बसतोच. फ्लॅटवाल्यांना तिथेही चौथरा चुकत नाही.

आणि कान. छोट्या, कडक भिंतींच्या खोलीत आवाज मोकळ्या मैदानापेक्षा जास्त चढतो. ८५ डेसिबल आठ तास, त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी, अशी सुरक्षिततेची मोजणी आहे. त्या हिशेबाने १०० डेसिबलला १५ मिनिटं. रोज तासभर वाजवणाऱ्या मुलाला कानावर मफ घातल्याशिवाय बसू देऊ नका. खोली जितकी चांगली बंद कराल, तितकं हे जास्त लागू.

शेजार आणि नियम

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा. खाजगी जागेतल्या वाद्याचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाचहून जास्त नसावा. फिरून फिरून फटी बुजवल्या तर दिवसाची मर्यादा गाठता येते.

पण वाडीत नियमाने सगळं मिटत नाही. मुंबईत गाड्यांच्या गोंगाटात ५५ डेसिबल कुणाला कळतही नाही. आपल्याकडे दुपारी दोनला पानांची सळसळ आणि लांबची एखादी बोट एवढाच आवाज असतो, त्यात ५५ म्हणजे ढोल. नियम पाळूनही शेजारी चिडतो, आणि त्याचं चुकत नाही.

"शिमग्यात पालखीपुढे पहाटेपर्यंत ढोलावर नाचतो आणि माझ्या पोराच्या ड्रमवर ओरडतो," असं पुष्कळ जण म्हणतात. मला यात ढोंग दिसत नाही. पालखीचा दिवस पंचांगात असतो, सगळ्यांना आधीच ठाऊक असतो. सरावात तोच एक तुकडा पन्नास वेळा, तोही कधी सुरू होईल आणि कधी थांबेल याची खात्री नाही. त्रास आवाजाच्या मोठेपणाइतकाच त्या अनिश्चितपणाचा असतो. म्हणून वेळ ठरवा आणि शेजाऱ्याला विचारून ठरवा. एक ते चार कोकणात झोपेची वेळ, ती सोडा. खारा वारा असतो तोवर पूर्वेकडच्या घराचा आधी विचार करा. दहावी-बारावीच्या दिवसांत जाळीची पानं. आणि घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात, ओलीने फुगलेलं दार सुकायला लागलं की, रबरी पट्ट्या बोटाने दाबून पाहा. जिथे चपट्या होऊन परत उठत नाहीत तिथे बदला. फार खर्चाचं काम नाही.

सीलंट भरायचं, गिलाव्याचं, छताचं काम मात्र पावसात काढू नका. ओल्या चिऱ्याला सीलंट धरत नाही. दिवाळीनंतर सुरू करून मे अखेरीस संपवा.

हे सगळं ऐकून हिशेब हाताबाहेर जातोय असं वाटलं, आणि परसात किंवा बागेत रिकामा मांगर (शेती-बागेच्या कामासाठीची खोपटीवजा खोली) असेल, तर आधी तिथे जाऊन उभे राहा. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो; ड्रमपासून मीटरभरावर १०० असेल तर ३२ मीटरवर ७०. म्हणजे कलमांच्या बागेतला, घरांपासून लांबचा मांगर फुकटात तीस डेसिबल देतो, आणि तेवढे मिळवायला घरातल्या खोलीत बराच पैसा ओतावा लागतो. दार आणि वळचण तिथेही बुजवावी लागेलच. वीज नेताना वायर झाडावरून लोंबकळत नेऊ नका, जमिनीखालून पाइपातून न्या आणि बोर्डात अर्थ लीकेज ब्रेकर (वीज गळताच पुरवठा तोडणारं बटण) बसवून घ्या.